बालमनाचा ठाव घेणाऱ्या ताराबाई मोडक

मूल चुकीचे बोलले की ते लबाड, आणि सांगितलेले त्याला उमगले नाही की ते हट्टी, असा निवाडा करून छडी उगारणारा काळ फार जुना नाही. मुलाला जग कसे दिसते हे आधी पाहावे, असा आग्रह त्या काळात धरणाऱ्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी येते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना लाभले. मात्र ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सहभागी झाल्या. त्याच वर्षी स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा बालभाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक असणारच, असे लहान मूल गृहीत धरते, हे त्यांनी त्यात दाखवले.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ताराबाईंनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेला मुकतात, हे ध्यानी घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र नांदणारी विकासवाडी तेथे आकाराला आली. अनुताई वाघ या साऱ्या कामात त्यांच्यासोबत होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी, १९८३ साली, विमर आणि पेर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो आणि मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परतल्यावर मॅक्सी ते कुठे शोधील? तीन वर्षांची मुले सहसा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. मॅक्सीचा समज वेगळा, चुकीचाही असू शकतो, हे साधारण चार-पाच वर्षांपर्यंत उमगू लागते. घरातील गप्पा, लुटुपुटीचे खेळ आणि भावंडांचा सहवास ही समज येण्यास साहाय्य करतात, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. गाणी, गोष्टी, खेळ आणि लहानमोठ्यांचा सहवास तर ताराबाईंच्या बालवाडीत नित्याचाच होता.

१९७५ साली देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. गोव्यातील वाड्यावाड्यांवरच्या अंगणवाड्याही त्याच योजनेतल्या. तेथील तीन वर्षांच्या मुलाच्या चुकीच्या उत्तरावर रागावण्यापूर्वी त्याला काय दिसले हे विचारणे, हाच ताराबाईंच्या कार्याचा वारसा आहे.