तबकडी फिरवणारा माणूस

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात तुम्हाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा रेकॉर्ड प्लेअर मिळाला, तर घरी आणल्यावर लगेच रेकॉर्ड लावू नका. आधी वरची जड थाळी अलगद उचलून बाजूला ठेवा आणि आत डोकावा. एका बाजूने मोटरच्या दांड्याला आणि दुसऱ्या बाजूने थाळीच्या आतल्या कडेला टेकणारं, रबराची धाव असलेलं छोटंसं चाक दिसलं, तर समजा की तुमच्या हाती आयडलर-ड्राइव्ह टर्नटेबल लागलंय. मोटर चाकाला फिरवते आणि चाक थाळीला. दांड्याला जाड-बारीक टप्पे असतात. 33 वरून 45 वर जायचं तर चाक जाड टप्प्यावर सरकतं. बस्स, एवढीच यंत्रणा.

ही टर्नटेबलं जमवणारे, दुरुस्त करणारे लोक जगभर आहेत. इंग्लंडच्या स्विंडनमध्ये तयार झालेलं, 1954 मधलं गॅरार्ड 301 हे त्यांचं लाडकं मॉडेल. चाकाची पकड घट्ट असते, त्यामुळे गाणं जोरात आलं आणि सुई जरा जास्त ओढायला लागली, तरी थाळी मंदावत नाही. पण त्याच चाकावाटे मोटरची थरथर थाळीपर्यंत पोचते आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. शिवाय रबर वयानुसार कडक होतं. चाक वर्षानुवर्षं दांड्याला टेकून राहिलं तर त्याला खड्डा पडतो आणि मग दर फेऱ्याला टक-टक सुरू होते. म्हणून ही मंडळी बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस खरवडतात, नवं तेल घालतात, चाकाची कड स्पिरिटने पुसतात, मोटर नीट तोलून बसवतात. एवढा खटाटोप कशासाठी? थाळी एकाच गतीने, न डगमगता फिरावी म्हणून.

याच एका गोष्टीने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाला जेरीस आणलं होतं. सपाट रेकॉर्ड आणि ती वाजवणारा ग्रामोफोन त्यानेच जगाला दिला. त्याचं नाव एमिल बर्लिनर.

बर्लिनरचा जन्म 20 मे 1851 चा, जर्मनीतल्या हॅनोवर शहरातला. ज्यू व्यापाऱ्याचं घर, तेरा भावंडं. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि नोकरी सुरू झाली. 1870 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, घरच्यांच्या ओळखीच्या एका माणसाबरोबर तो अमेरिकेत आला आणि वॉशिंग्टनमध्ये कापडाच्या दुकानात कामाला लागला. पुढे न्यूयॉर्कला गेला. तिथे मिळेल ते काम केलं, एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाटल्याही धुतल्या. संध्याकाळी मात्र तो कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जायचा. कामगारांना फुकट शिकवणारी ही संस्था होती. तिथली वाचनखोली, थोडं फिजिक्स, थोडी वीज एवढंच त्याचं उच्च शिक्षण. तुम्ही डिग्रीच्या काळजीत असाल तर सांगतो, याच्याकडे शेवटपर्यंत इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती.

1876 मध्ये तो वॉशिंग्टनला परतला. त्याच वर्षी ग्रॅहम बेलने टेलिफोन जगासमोर आणला होता. फोन चालायचा, पण त्यातून येणारा आवाज फार क्षीण असायचा. बर्लिनरने भाड्याच्या खोलीत, घरात मिळेल त्या सामानातून प्रयोग सुरू केले. विजेच्या दोन टोकांचा स्पर्श सैल ठेवला आणि आवाजाच्या कंपनाने त्यावरचा दाब कमी-जास्त होऊ दिला, तर आवाज जोरकस पाठवता येतो, हे त्याने ओळखलं. 1877 मध्ये त्याने त्या मायक्रोफोनची पेटंट कार्यालयात नोंद केली. बेलच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि या दुकानातल्या पोराला संशोधक म्हणून नोकरीवर ठेवलं. 1881 मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. 1884 मध्ये त्याने चांगली चाललेली नोकरी सोडली, कारण त्याला स्वतःचं काहीतरी करायचं होतं.

तेव्हा आवाज साठवायचं एक यंत्र होतंच, एडिसनचा फोनोग्राफ. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. सुई वर-खाली होत खोल-उथळ चर पाडायची. अडचण अशी की नळकांड्याच्या प्रती काढणं जिकिरीचं होतं. गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणावं लागायचं. बर्लिनरने दोन गोष्टी बदलल्या. नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली. सुई वर-खाली न नेता डावी-उजवीकडे हलवली.

पद्धत अशी होती. जस्ताच्या चकतीवर मेणाचा पातळ थर द्यायचा. आवाजाने हलणारी सुई त्या थरातून नागमोडी रेघ ओढत जायची. मग चकती ॲसिडमध्ये बुडवायची. मेण निघालेल्या रेघेपुरतं जस्त खाल्लं जायचं आणि कायमची खाच तयार व्हायची. त्या चकतीवरून धातूचा उलटा साचा काढायचा आणि साच्याने छापखान्यासारख्या हव्या तेवढ्या प्रती दाबून काढायच्या. गायकाने एकदा गावं आणि ते हजारो घरांत वाजावं, हा विचार या साच्यात होता. नोव्हेंबर 1887 मध्ये त्याला ग्रामोफोनचं पेटंट मिळालं आणि मे 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने तो लोकांना वाजवून दाखवला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, जिंकला! पण यंत्र विकायला सुरुवात झाली ती जर्मनीत, खेळणी बनवणाऱ्या एका कारखान्यात. पाच इंची छोट्या रेकॉर्ड आणि लहान मुलांनी फिरवायचं हँडल. अमेरिकेत 1894 पासून सात इंची रेकॉर्ड विकायला आल्या. त्या आधी कडक रबराच्या होत्या, पण त्या सगळीकडे सारख्या उठायच्या नाहीत. मग 1895 च्या सुमारास त्याने बटणं बनवणाऱ्यांकडून लाखेचं मिश्रण घेतलं. लाख म्हणजे आपल्याकडच्या जंगलात किड्यांपासून मिळते तीच. त्या काळात जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. पुढची पन्नासेक वर्षं रेकॉर्ड लाखेच्याच बनत राहिल्या.

रेकॉर्ड जमली, साचा जमला. राहिलं काय? फिरवणं! ग्रामोफोन हाताने फिरवावा लागायचा, मिनिटाला साधारण 70 फेरे. करून बघा कधी. पहिल्या मिनिटाला हात जोरात, दुसऱ्या मिनिटाला दमलेला. गाणं शिकत असाल तर पुढचा हिशोब लगेच कळेल. 70 च्या जागी 74 फेरे झाले की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे गायकाने लावलेला षड्ज तुम्हाला कोमल रिषभाजवळ ऐकू येणार आणि हात दमला की पुन्हा खाली घसरणार. अशा यंत्राला गाण्याचं यंत्र कोण म्हणेल? लोकांनी ते खेळण्यातच जमा केलं.

बर्लिनरला हे कोडं स्वतःला नीट सुटलं नाही. इथे त्याचा एक गुण दिसतो. त्याने ते दुसऱ्याच्या हातात दिलं. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावात एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या तरुणाचं मशीनचं वर्कशॉप होतं. पहिल्यांदा ग्रामोफोन ऐकला तेव्हा सर्दी झालेला, घसा बसलेला पोपट बोलतोय असं त्याला वाटलं होतं. पण यंत्राची साधी रचना त्याच्या मनात भरली. 1896 मध्ये त्याने ग्रामोफोनसाठी किल्ली देऊन चालणारी, स्वस्तात बनणारी स्प्रिंगची मोटर तयार केली. तिला गव्हर्नर होता, म्हणजे गोल फिरणारी छोटी वजनं. गती वाढली की वजनं बाहेर फेकली जायची आणि ब्रेक लागायचा. गती कमी झाली की ती आत यायची आणि ब्रेक सुटायचा. थाळी एकसारखी फिरायला लागली आणि खेळण्याचं वाद्य झालं. तुमच्या प्लेअरमधल्या रबरी चाकाचं काम तेव्हा ही स्प्रिंग आणि ही वजनं करत होती.

खप वाढला आणि भांडणंही वाढली. बर्लिनरने अमेरिकेतल्या विक्रीचा एकाधिकार फ्रँक सीमन नावाच्या जाहिरातवाल्याला दिला होता. पैशांवरून दोघांचं बिनसलं. सीमनने स्पर्धकांशी हातमिळवणी केली, झोनोफोन नावाचं दुसरं यंत्र विकायला घेतलं आणि वर करारावर बोट ठेवून कोर्टात गेला. जून 1900 मध्ये कोर्टाने मनाई हुकूम दिला. आता सीमनखेरीज कुणाला यंत्र विकायचं नाही, आणि सीमन तर घेणार नाही! स्वतः शोधलेलं, स्वतः नाव दिलेलं यंत्र बर्लिनरला अमेरिकेत विकता येईना. बारा वर्षांची मेहनत एका करारातल्या कलमाने अडवली. स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्यांनो, सही करण्याआधी करार पूर्ण वाचा, एवढं तरी या गोष्टीतून घ्याच.

तो रस्त्यावर आला असं मात्र नाही. जॉन्सनने 1901 मध्ये व्हिक्टर कंपनी काढली, त्यात पेटंटच्या बदल्यात बर्लिनरला हिस्सा मिळाला. त्याने कॅनडात मॉन्ट्रियलला आपला व्यवसाय नेला. लंडनला ग्रामोफोन कंपनी आणि हॅनोवरला भावाबरोबर डॉइचे ग्रामोफोन या दोन कंपन्या 1898 मध्येच उभ्या राहिल्या होत्या. पण अमेरिकेत ग्रामोफोन हा शब्दच मागे पडला. तिथले लोक आजही फोनोग्राफ म्हणतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने दिलेलं नाव. आपल्या आजीला विचारा, ती ग्रामोफोनच म्हणेल. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचं चित्रही तिला आठवेल. लंडनच्या एका चित्रकाराने ते काढलं होतं. अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून त्याची नोंद बर्लिनरने केली, आणि तीही मनाई हुकमानंतर काही आठवड्यांतच.

आपला संबंध इथेच सुरू होतो. लंडनच्या कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हा बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला रेकॉर्डिस्ट. तो नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. रागाची मांडणी अवघ्या काही मिनिटांत बसवायची, तीही कर्ण्यात तोंड घालून! गाणं संपताना त्या स्वतःचं नाव सांगतात. त्या मुद्रणाच्या रेकॉर्ड दाबल्या गेल्या जर्मनीत, बर्लिनरच्या जन्मगावी, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना लेबल लावताना नाव कळावं म्हणून ही उद्घोषणा, असं सांगितलं जातं. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदं महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती याच सपाट तबकड्यांवरून. ज्याने कधी नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं, त्याच्या ओसरीवरही ती वाजू लागली.

आणि बर्लिनर? पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याची तान्ही मुलगी पोटाच्या आजाराने गंभीर झाली. ती वाचली, पण तो स्वस्थ बसला नाही. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत उघडं, कच्चं दूध पिऊन कितीतरी तान्ही मुलं मरत. दूध तापवून, निर्जंतुक करून द्या, हे सांगण्यासाठी त्याने संस्था काढली, वर्तमानपत्रांतून पत्रकं छापली, कायद्यासाठी पाठपुरावा केला. स्वच्छतेवर मुलांसाठी बडबडगीतांचं पुस्तकही लिहिलं. आईच्या नावाने, विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी फेलोशिप सुरू केली, तीही बायकांना प्रयोगशाळेत सहज जागा मिळत नसे अशा काळात. मधल्या काळात हेलिकॉप्टरचं वेडही लागलं होतं. 1922 मध्ये त्याच्या मुलाने, हेन्रीने, त्यांचं यंत्र जमिनीवरून उचलून दाखवलं.

3 ऑगस्ट 1929 ला वॉशिंग्टनमध्ये बर्लिनर गेला, वयाच्या 78 व्या वर्षी. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांना हा आकडा वेगळा समजावायला नको. आपल्यामागे अंत्यविधी अगदी साधा करा, थाटामाटावर पैसा घालवू नका आणि थोडे पैसे तान्ही मुलं असलेल्या गरीब आयांना द्या, असं त्याने घरच्यांना आधीच लिहून ठेवलं होतं. ग्रामोफोनचं काय करायचं, याचा त्यात उल्लेखही नव्हता.

तर, तुमचं ते टर्नटेबल. तेल घालून झालं, चाक पुसून झालं, की कागदावर छापलेली स्ट्रोबची चकती थाळीवर ठेवा आणि घरातल्या विजेवर चालणाऱ्या साध्या बल्बच्या उजेडात बघा. गती बरोबर असेल तर फिरत्या थाळीवरच्या काळ्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतील. तेवढं जमलं की सुई खाली ठेवा. आणि ऐकून झाल्यावर स्विच नीट बंद करा म्हणजे चाक दांड्यापासून सुटेल. नाहीतर रबराला खड्डा पडेल आणि पुढच्या वेळी टक-टक सुरू होईल.