बहिर्जी नाईक

हेराचे चरित्र सांगणे कठीण असते. सेनापतीचे विजय नोंदले जातात, कारभाऱ्याची पत्रे दप्तरात राहतात; परंतु हेराने आपल्या कामाची खूण मागे ठेवली, तर ते काम फसले असेच समजावे. शिवाजी महाराजांच्या जासुदांचा नाईक बहिर्जी याचेही असेच झाले आहे. परंपरा त्यास रामोशी समाजातील मानते. त्याच्या वेषांतराच्या कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत; कोणी त्यास फकिराच्या वेषात पाहतो, कोणी बहुरूप्याच्या. तथापि राजाराम महाराजांच्या आश्रयाने जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत तो ठळकपणे दिसतो, तो मुख्यत्वेकरून दोन प्रसंगी. पहिला प्रसंग सुरतेचा व दुसरा जालन्याचा.

इ. स. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. मोगलांचे हे बंदर तेव्हा अपार संपन्न होते. ती संपत्ती किती आहे याची वार्ता बहिर्जीने आधीच काढून आणली होती. शत्रूच्या भर वस्तीत वावरून तेथील बातमी आणणे म्हणजे शीर तळहातावर घेऊनच जाणे. तथापि तेथे त्याने आणलेल्या माहितीवर इतरांनी पराक्रम केला. जालन्याच्या प्रसंगी मात्र त्यास स्वतःस पुढे व्हावे लागले.

जालना हे मराठवाड्यातील कुंडलिका नदीच्या काठचे नगर. व्यापाराने ते इतके भरभराटलेले होते की, सोन्याचा पाळणा म्हणूनच त्याची ख्याती झाली. इ. स. १६७९ साली मोगल सरदार दिलेरखान याने भूपाळगड घेतला व पुढे विजापूरकडे मोर्चा वळविला. विजापूरकरांनी महाराजांकडे साहाय्य मागितले. दिलेरखानाशी समोरासमोर झुंजण्यापेक्षा त्याच्या पाठीमागचा मुलूख पेटवावा, म्हणजे तो आपोआप माघारी वळेल, असा महाराजांचा बेत होता. नोव्हेंबरच्या प्रारंभी मोठ्या घोडदळासह ते भीमा ओलांडून उत्तरेस निघाले आणि महिन्याच्या मध्यास जालन्यावर येऊन थडकले. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मोगलांचे ठाणे होते. ते जालन्यापासून अवघ्या ६० किलोमीटरांवर. तरीही मराठे चार दिवस शहरात राहिले. लूट अमाप मिळाली.

पण लुटीचे ओझे हेच आता संकट झाले. भरलेले उंट व बैल घोडदळाच्या वेगाने चालत नाहीत. माघारी निघालेल्या मराठी फौजेस मोगल सरदार रणमस्तखान याने गाठले. पिछाडीस सिदोजी निंबाळकर होता. त्याने तीन दिवस शत्रूस रोखून धरले आणि अखेरीस तो व त्याची पुष्कळ माणसे रणात पडली. सेनापती हंबीरराव मोहिते घायाळ झाले. एवढ्यात औरंगाबादेहून मोगलांची आणखी कुमक निघाली. ती येऊन मिळाली असती, तर महाराज चोहोंकडून वेढले गेले असते. त्या कुमकेतील केसरीसिंह नावाच्या सरदाराने वेढा पुरा होण्याआधी निघून जाण्याचा निरोप गुप्तपणे पाठविला, असे सांगतात. निघावे हे खरे. पण कोणत्या वाटेने? राजमार्ग शत्रूने धरलेले. मागे पठार, पुढे डोंगर. राज्याभिषेकास अवघी पाच वर्षे झालेली, आणि राज्याचा धनी स्वतः त्या कोंडीत!

अशा वेळी बहिर्जी पुढे झाला. महाराजांना सुखरूप नेण्याचा भार त्याने पत्करला.

त्याने फौज नेली ती पट्टा किल्ल्याकडे. हा किल्ला कळसूबाईच्या रांगेत आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच रांगेत असून अलंग, मदन, कुलंग, औंढा हे बिकट गडही तेथलेच. येथील डोंगर काळ्या कातळाच्या थरांचे आहेत. एक थर सपाट, की त्यावर एक उभा कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. दोन्ही अंगांनी पावसाचे पाणी कोरीत गेले, म्हणजे मध्ये उरते ती अरुंद धार. अशा धारेवर कित्येक ठिकाणी एका वेळी एकच माणूस चालू शकतो, डावीकडे दरी व उजवीकडेही दरी. पावसाळा सरल्यावर तेथले गवत वाळून निसरडे होते, मुरूम पायाखालून सुटतो आणि नाल ठोकलेला घोडा कातळावर पाय टेकावयास कचरतो. स्वारास पायउतार होऊन लगाम हाती धरावा लागतो. एक हजार घोडी एकामागून एक चालू लागली, तर त्यांचीच ओळ तीन किलोमीटर लांब होते. पुढचा थांबला की सारी ओळ थांबते. आणि एक घोडे बिथरले, तर मागच्या किती जणांचा घात होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

परंतु जी अडचण पुढच्याची, तीच पाठलाग करणाऱ्याचीही असते. मैदानात मोगलांचे संख्याबळ पसरून वेढा घालू शकत होते. डोंगरात शिरल्यावर त्या संख्येचा उपयोग उरला नाही. मात्र याचा लाभ घ्यावयाचा, तर प्रत्येक सोंड, प्रत्येक खिंड ठाऊक हवी. दुरून अखंड दिसणारी धार मध्येच तुटलेली असते व पुढे गेलेल्यास परत फिरणेही अवघड होते. कोणत्या घळीतून उतरता येईल, कोणत्या टाक्यात पाणी असेल, कोणत्या कड्याला वळसा घातला पाहिजे, हे काही कागदावर लिहिलेले नव्हते. वर्षानुवर्षे रानोमाळ भटकणाऱ्या, गुराख्यांत व वाटसरूंत मिसळणाऱ्या माणसाच्याच ध्यानात ते असावयाचे. सुरतेच्या पेठेतील घरे हेरणारा तो डोळा डोंगरही तसाच हेरीत आला होता.

लुटीचा पुष्कळसा भाग वाटेत टाकावा लागला. तीन दिवस व तीन रात्री फौज जवळजवळ न थांबता चालत होती. मागे पडलेल्यांची व कामास आलेल्यांची संख्या मोठी होती. तेव्हा ही सहज सुटका होती असे कोणी समजू नये. पण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास महाराज पट्ट्यावर पोहोचले आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हाती ते लागले नाहीत. बहिर्जीवर महाराज संतुष्ट झाले, असे बखर सांगते.

पट्टा आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. त्याचा माथा रुंद व सपाट असून तेथे अंबारखान्याची इमारत उभी आहे. ज्या म्हाळुंगी नदीच्या काठी संगमनेर आहे, ती याच डोंगरातून निघते. थकलेल्या महाराजांनी काही दिवस येथे विसावा घेतला, म्हणून गडास विश्रामगड हे नाव पडले. जालन्याची स्वारी ही त्यांची अखेरची मोठी स्वारी ठरली. ३ एप्रिल १६८० रोजी, म्हणजे पाच महिन्यांच्या आतच, रायगडावर त्यांचे निधन झाले.

यानंतरचा बहिर्जी बखरीत आपणास भेटत नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगड नावाचा किल्ला आहे. तेथे एक समाधी असून ती बहिर्जी नाईकाची म्हणून लोक दाखवितात. बाणूरगडाचे दुसरे नाव भूपाळगड. दिलेरखानाने त्या वर्षी जिंकलेला किल्ला तो हाच.