कर्मवीर भाऊराव पाटील आणि साताऱ्याचे हायस्कूल

आपल्या समाजाच्या कोणत्याही समारंभात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या तसबिरीस हार घातल्यावाचून कार्यारंभ होत नाही. ते आपल्या जैन समाजात जन्मले याचा अभिमान आपणां सर्वांस आहे व तो योग्यच आहे. तथापि त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग अशा वेळी बहुधा गाळला जातो. तो सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी, बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत असल्याने गावोगाव फिरणे होई. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले व जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ साली शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या उद्‌घाटनास हा तरुण गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यास बजावण्यात आले. त्याने स्नान करण्याचे साफ नाकारले व त्यास बोर्डिंग सोडावे लागले. ज्यांच्या तसबिरीस आज आपण हार घालतो, त्यांना आपल्याच पंगतीतून उठविले गेले होते. महाराजांनी त्यांस आपल्या आश्रयास ठेविले. मॅट्रिकची पायरी मात्र त्यांना गाठता आली नाही.

याच समाजातील पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर १९१४ साली कोल्हापुरातील पुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणी बालंट आले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा तुरुंगात छळ झाला. प्राणत्याग करण्यापर्यंत पाळी आली, पण त्यांनी साक्ष दिली नाही. पंगतीचा राग त्यांनी मनात ठेवला असता तर सूड घेण्यास याहून सोयीची संधी कोणती होती?

मध्यंतरी त्यांनी शिकवण्या केल्या, विमा विकला, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. खेडोपाडी फिरताना शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण कोठे अडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. गावात शाळा नाही, आणि शहरात शाळा असली तरी राहण्या-जेवण्यास ठिकाण नाही. म्हणून १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करताना त्यांनी प्रथम हात घातला तो वसतिगृहास. १९२४ साली साताऱ्यास निघालेल्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच चुलीवरचे अन्न एका पंक्तीस बसून खात. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मुलांसाठी घरोघरी मूठ-मूठ धान्य गोळा होई. एकदा भाऊराव परगावी असता कोठीतील धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गळ्यातील मंगळसूत्र विकून मुलांस जेवू घातले. जैन कुटुंबात सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे वागविले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचे पुढील वैभव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांची तसबीर आपल्या समारंभांतून क्वचितच दिसते, हेही येथे नमूद करतो.

शिक्षकांसाठी १९३५ साली अध्यापन विद्यालय निघाले, आणि १९४० साली सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. नाव बडोदेनरेशांचे, मुले मात्र कुणब्यांची आणि मजुरांची. फी नाही, आणि राहणे शाळेतच. त्याच्या बदल्यात मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर दगडमाती वाहावी, आपला स्वयंपाक आपण करावा. सकाळी हाती कुदळ घेतलेला मुलगा दुपारी बीजगणिताच्या तासाला बसे. पुस्तकी शाळांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या मास्तरास याचे मोल उशिरा कळले. आमच्या शाळांत श्रम ही शिक्षा होती. तेथे तीच फी होती, आणि म्हणूनच तेथील कोणास आपण कोणाच्या उपकारावर शिकतो असे वाटण्याचे कारण उरले नाही.

पुढे अशी हायस्कुले गावोगाव निघाली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेजही उभे राहिले. १९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले, आणि मॅट्रिक न झालेल्या या गृहस्थास पुणे विद्यापीठाने सन्मानाची डी. लिट्. पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.