वाघ आणि फुलकिडा एकाच ग्रंथात नोंदविणारे लिनियस

धारणी परिसरातील जंगलात वावरणारा वाघ आणि वऱ्हाडातील कपाशीच्या पानाखाली दडणारा फुलकिडा यांच्यात साम्य ते काय असणार? पण दोघांच्याही शास्त्रीय नावाची सुरुवात एकाच ग्रंथात आहे. १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी वाघाला ‘फेलिस टायग्रिस’ म्हटले आणि जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या फुलकिड्यांसाठी ‘थ्रिप्स’ ही प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, स्थापन केली.

लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मुलानेही तोच मार्ग धरावा, ही घरची इच्छा. मुलाचे लक्ष मात्र वडिलांच्या बागेत. वैद्यकाचे शिक्षण घेताना १७३२ मध्ये त्यांनी लॅपलँडचा खडतर प्रवास केला. हॉलंडमध्ये पदवी घेतली त्याच वर्षी, १७३५ मध्ये, ‘सिस्टिमा नॅचुरी’ची मोजक्या पानांची पहिली आवृत्ती निघाली. १७४१ पासून ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्यापूर्वी एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लांबलचक वर्णनच असे. लिनियस यांनी ते दोन शब्दांवर आणले. वऱ्हाडाची देशी कपाशी आणि मिरची यांची शास्त्रीय नावे त्यांच्याच १७५३ च्या ग्रंथातील आहेत.

त्यांचे सारेच वर्गीकरण टिकले नाही. माणसांची खंडवार विभागणी करून त्यांनी प्रत्येक गटाला स्वभाव चिकटविला; शास्त्राच्या नावावर तो पूर्वग्रहच होता. वाघ १९२९ मध्ये ‘पँथेरा’ प्रजातीत गेला. फुलकिड्यांना त्यांनी ढेकूण व मावा यांच्या पंगतीला बसविले होते. पंखांची केसाळ झालर पाहून हॅलिडे यांनी १८३६ मध्ये त्यांचा स्वतंत्र गण केला. ‘थ्रिप्स’ हे नाव मात्र राहिले. लिनियस यांना त्यातील मोजक्याच जाती ठाऊक होत्या. आज त्या सुमारे तीनशे आहेत. कांदा आणि कपाशीवरील ‘थ्रिप्स टॅबॅसी’चे नामकरण १८८९ मधले.

या जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. शृंगिकांचे खंड, अंगावरील राठ केसांची जागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. मिरची उत्पादकांच्या परिचयाचा, पाने चुरडणारा फुलकिडा ‘स्किर्टोथ्रिप्स’ या वेगळ्या प्रजातीचा. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातील मिरचीवर मोठ्या संख्येने तुटून पडला तो ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’. त्याचे प्रौढ फुलांत गर्दी करतात. कीड ओळखण्यात चूक झाली, तर फवारणीचा खर्च वाया जातो.

लिनियस स्वतः भारतात कधी आले नाहीत. त्यांचे शिष्य कोनिग दक्षिणेत तरंगमबाडीला राहिले. मोहाच्या शास्त्रीय नावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मेळघाटात सर्वत्र दिसणाऱ्या सागाला ‘टेक्टोना ग्रँडिस’ हे नाव १७८२ मध्ये लिनियस यांच्या मुलाने दिले. तेव्हा १० जानेवारी १७७८ रोजी वडील निवर्तून चार वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी मुलगाही गेला. १७८४ मध्ये लिनियस यांच्या पत्नीने सारा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला विकला आणि वाळलेली झाडे, टाचलेले किडे, हस्तलिखिते जहाजाने लंडनला गेली.