खाडीपुलाचे बर्वे

मॅट्रिकनंतर रहिमतपूर स्टेशनवर गाडीत बसून मुंबईला गेलेल्यांपैकी मी एक. पुढे वाशीला घर घेतलं. बसने फोर्टला जाता-येता रोज खाडीपूल लागायचा. त्याची शिफारस करणारा माणूस आपल्याच मुलखातला, हे मला फार उशिरा कळलं.

स. गो. बर्वे यांचा जन्म १९१४ चा, तासगावचा. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, म्हणून मी त्यांना आपले म्हणतो! आय.सी.एस. झाले, पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त झाले. १९५८ साली सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव असताना मुंबईची वाहतूक आणि दाटीवाटी यांवर उपाय सुचवणारा अभ्यासगट सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमला. फेब्रुवारी १९५९ मध्ये अहवाल आला. ठाणे खाडीवर रस्ता आणि रेल्वे दोन्हींसाठी पूल बांधा, म्हणजे पलीकडे वस्ती वाढेल, असं त्यांनी सुचवलं. नवी मुंबईचं मूळ तिथे आहे.

पुढे नोकरी सोडून राजकारण, मंत्रिपद, नियोजन मंडळ. १९६७ साली ईशान्य मुंबईत कृष्ण मेनन यांना हरवलं आणि थोड्याच दिवसांत, ६ मार्चला ते गेले. वय अवघं ५२.

पूल १९७३ मध्ये खुला झाला, पण नुसता रस्त्याचा. रेल्वे यायला १९९२ उजाडलं. मधली वर्षं आम्ही बसमध्ये उभ्याने काढली. वाशीची लोकल सुरू झाली त्या आठवड्यात वडिलांना मुद्दाम गावाहून बोलावलं आणि मानखुर्द ते वाशी, खिडकीपाशी बसवून, दोनदा फिरवून आणलं.