परळचे हाफकिन : दोन साथी आणि एक बाटली

मुंबईत परळच्या आचार्य दोंदे मार्गावर एक जुनी, भव्य वास्तू उभी आहे. एकेकाळी ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८८० च्या दशकात तत्कालीन गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच घरात पटकीने निधन झाले. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला आणि परळचे हे घर मागे पडले. ज्या वास्तूला पटकीने अशी अवकळा आणली, तिच्यातच १८९९ मध्ये पटकीवरील लस शोधणाऱ्या एका परदेशी शास्त्रज्ञाने आपली प्रयोगशाळा थाटली. १९२५ पासून ही संस्था त्याच्याच नावाने, हाफकिन संस्था म्हणून, ओळखली जाते. हे नाव मुंबईकरांच्या तोंडी असले, तरी त्यामागच्या माणसाची कहाणी फारशी कोणाला ठाऊक नसते.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे. त्याकाळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा शोध लावल्याबद्दल पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह. १८८१ मध्ये ओडेसातील ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. विद्यापीठात अध्यापकपद मिळवण्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला असता. त्यास त्यांनी नकार दिला आणि १८८८ मध्ये मायदेश सोडला.

जिनिव्हामार्गे ते पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले. तेथे मोकळी जागा होती ती फक्त साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली आणि ग्रंथालयातून उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला. त्यांनी निवडलेला शत्रू होता पटकीचा जंतू. गिनिपिगच्या शरीरातून तो पुन्हापुन्हा नेऊन त्यांनी त्याची मारकशक्ती वाढवली. दुसरीकडे उष्णतेच्या साह्याने त्याचाच एक दुबळा प्रकार तयार केला. आधी दुबळा आणि काही दिवसांनी जहाल, अशा दोन मात्रा टोचण्याची त्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

हाफकिन यांनी आयुष्यभर ज्या दोन रोगांशी झुंज घेतली, त्या पटकी आणि प्लेग यांचे जंतू एकाच मोठ्या गटात मोडतात. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतू रंगवण्याची एक साधी रीत शोधली. काचपट्टीवरच्या जंतूंना जांभळा रंग आणि आयोडीन द्यायचे आणि मग ते अल्कोहोलने धुवायचे. काही जंतू जांभळेच राहतात, ते ग्राम-पॉझिटिव्ह. काहींचा रंग निघून जातो आणि नंतर दिलेला लाल रंग ते घेतात, ते ग्राम-निगेटिव्ह. हा फरक जंतूच्या भिंतीतून येतो. ग्राम-निगेटिव्ह जंतूची भिंत पातळ असते, पण तिच्यावर आणखी एक बाह्य आवरण असते. या आवरणातील मेदयुक्त घटक माणसाच्या रक्तात शिरला की ताप चढतो, रक्तदाब कोसळू शकतो. जंतू मेला तरी हा घटक शिल्लक राहतो. विषमज्वर, पटकी, प्लेग, जंतूंमुळे होणारी हगवण आणि डांग्या खोकला या सर्व रोगांचे जंतू याच गटातले आहेत.

पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. पटकीची खरी परीक्षा भारतात होईल, हे त्यांनी जाणले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले आणि आग्ऱ्यापासून त्यांनी लस टोचण्यास आरंभ केला. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्यावर दगड आले. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमावासमोर स्वतःला लस टोचून घेतली. मग वस्तीतील सुमारे दोनशेंपैकी ११६ जण पुढे आले. पुढे तेथे पटकी उद्भवली, ती लस न घेतलेल्यांत. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांत लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करायची, हा हाफकिन यांचा आग्रह होता. त्या काळात ही शिस्त दुर्मीळ होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी पाहिला आणि हा प्लेग असल्याचे निदान केले. शहर हादरले. काही लाख लोक मुंबई सोडून बाहेर पडले. रोगही खाडी ओलांडून, भिवंडी आणि कल्याण ज्यात मोडतात त्या ठाणे जिल्ह्यात शिरला. पुढे तो पुण्यासह सर्व इलाख्यात पसरला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने देह ठेवला.

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू त्यांनी मांसाच्या रसात वाढवला, पण हिंदूंच्या भावना दुखावू नयेत म्हणून गोमांसाऐवजी बकऱ्याचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्यांना लटकून गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे खाली वाढत. अशी काही आठवड्यांची वाढ उष्णता देऊन मारली जाई आणि तिच्यात थोडे कार्बोलिक ॲसिड मिसळले जाई. घरोघरी असणारे तूप असे प्लेगवरील लसीच्या कामी आले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते काम करीत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत पुढे १२ जण आजारी पडले आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

तरीही लोकांना लस पटवणे सोपे नव्हते. तो काळ घरांच्या झडत्यांचा आणि सक्तीच्या विलगीकरणाचा होता. त्या जुलुमाचा संताप पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यातून बाहेर पडला. सरकारी माणसाच्या हातातली सुईही लोकांना त्याच जुलुमाचा भाग वाटे. त्यातच लस घेतल्यावर ताप भरे आणि दंड सुजे. त्याचे मोठे कारण ग्राम-निगेटिव्ह जंतूच्या त्या बाह्य आवरणातच होते, पण सामान्य माणसाला तो रोगच शरीरात सोडल्याचा पुरावा वाटे. अशा वेळी खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी स्वतः लस घेतली, हजारो अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. तेथून १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला आली. हाफकिन तिचे संचालक झाले. कीर्ती शिखरावर होती.

ती कोसळली पंजाबात. १९०२ मध्ये तेथे लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली गेली. मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लस लवकर तयार होईल अशी नवी पद्धत घेतली. तिच्यात कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. हे सर्वजण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेणारे ८८ जण सुखरूप राहिले.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो. तो ग्राम-पॉझिटिव्ह आहे. त्याची बीजे कठीण कवचात असतात आणि उष्णता पुष्कळ सोसतात. ग्राम-निगेटिव्ह जंतूंना जिंकणाऱ्या शास्त्रज्ञाचा घात दुसऱ्याच गटातील जंतूने केला. प्रश्न एकच होता. हा जंतू बाटलीत परळला शिरला, की मलकोवालला? चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिन निलंबित झाले आणि १९०४ मध्ये भारत सोडून गेले.

पण साक्षीत एक गोष्ट नोंदली गेली होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आठवडे वाढले असते, तर ती येणे अपेक्षित होते. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला, तेव्हा जंतू बाटली उघडताना शिरले असण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसून आले. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून न्याय मागितला. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा भारतात नेमणूक मिळाली.

न्याय मिळाला, पण उशिरा आणि अर्धवट. परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला धाडण्यात आले आणि माणसांवर नव्या लसींची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली नाही. ज्याने प्रत्येक नवी लस आधी स्वतःला टोचली, त्याच्या वाट्याला शेवटची वर्षे कागदी कामाची आली. सेवानिवृत्तीनंतर ते युरोपात परतले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि नंतर सुरतेत प्लेगचे वृत्त आले, तेव्हा सुरतेतून लाखो लोक पळाले आणि शंभर वर्षांपूर्वीची मुंबई आठवली. या वेळी हाती टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके होती आणि साथ लवकर आटोक्यात आली. परंतु ग्राम-निगेटिव्ह जंतूंचे बाह्य आवरण पुष्कळ औषधांना आत शिरू देत नाही. रुग्णालयांतील काही जंतू तर आता जवळजवळ कोणत्याच औषधाला जुमानत नाहीत. जेथे नळ आणि गटार शेजारून वाहतात अशा कोणत्याही दाट वस्तीत, ती मुंबईतली असो वा भिवंडीतली, विषमज्वर आणि पटकीचा धोका पुरता संपलेला नाही. म्हणूनच स्वच्छ पाण्याइतकीच लसीची गरज आजही आहे.

लसीचे बळ केवळ बाटलीतल्या द्रवात नसते. तो द्रव बनवणाऱ्यापासून तो टोचणाऱ्याच्या हातातल्या चिमट्यापर्यंत प्रत्येक दुवा निर्दोष असावा लागतो. आणि कोठे चूक झालीच, तर दोष कोणाचा हे ठरवण्याची घाई न करता सत्य शोधावे लागते. हाफकिन यांनी पहिली गोष्ट आयुष्यभर शिकवली. दुसरीच्या अभावाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. एकोणीस जीवांचे दुःख खरेच होते, पण त्यापायी एका संशोधकाची कारकीर्द मोडली आणि आणखी किती जीव वाचू शकले असते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.