देवमाशांचा शिकारी, देवमाशांचा चरित्रकार

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहो दे लिएब्रे नावाची मोठी, उथळ खाडी आहे. इंग्रजी पुस्तकांत मात्र ती 'स्कॅमनची खाडी' म्हणूनच ओळखली जाते. गंमत बघा, ज्याचं नाव तिला मिळालं, त्याच्यामुळेच ती जवळजवळ ओस पडली होती!

चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन १८२५ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मला. सोन्यासाठी सगळे कॅलिफोर्नियाकडे धावत होते, त्या काळात तोही तिकडे गेला. जहाज चालवायचं काम मिळालं, पण ते देवमाशांच्या शिकारीचं. तेव्हा दिवे देवमाशांच्या तेलावर जळायचे.

उत्तरेच्या गार समुद्रात उन्हाळाभर खाऊन धष्टपुष्ट झालेले करडे देवमासे हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून या खाडीत येतात. माद्या पार आतपर्यंत शिरून पिल्लांना जन्म देतात, दूध पाजतात. स्वतः मात्र त्या जवळपास उपाशीच असतात. १८५७च्या हिवाळ्यात स्कॅमन 'बोस्टन' जहाज घेऊन नेमका तिथे पोहोचला.

आधी डाव उलटला. पिल्लाजवळ होडी आली की आई शेपटीच्या फटक्याने ती फोडायची. खलाशी जखमी झाले. मग देवमासा येऊच शकणार नाही अशा उथळ पाण्यात होड्या उभ्या करून, शेजारून जाणाऱ्यांवर स्फोटक भाले डागायला सुरुवात झाली. जहाज तेलाने भरलं. पुढच्या हिवाळ्यात इतर जहाजं माग काढत आली. काही वर्षांतच तिथे शिकारीपुरतेही देवमासे उरले नाहीत.

नंतर स्कॅमन सरकारी गस्ती जहाजांवर नोकरीला लागला. पण देवमाशांचा नाद काही सुटला नाही. तो त्यांची मापं घ्यायचा, चित्रं काढायचा, सवयी टिपून ठेवायचा. माद्या आत आणि नर बहुतेक बाहेर, हे त्याने नोंदवलं. हंपबॅक देवमासे जोडीच्या काळात लांबलचक परांनी एकमेकांना थापट्या मारतात आणि त्यांचा आवाज शांत दिवशी कित्येक मैल जातो, हेही लिहिलं. १८७४ मध्ये त्याचं सागरी सस्तन प्राण्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात त्याने करडा देवमासा नामशेष होईल की काय, अशी भीतीही मांडली. ही माहिती त्याला शिकारीतूनच मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. पुस्तक तेव्हा फारसं खपलं नाही. अभ्यासक मात्र ते आजही उघडतात.

१९११ मध्ये स्कॅमन वारला. देवमाशांची संख्या पुन्हा वाढलेली त्याला दिसली नाही. शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, १९७२ मध्ये मेक्सिकोने ही खाडी देवमाशांसाठी राखीव केली आणि १९९३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानलं. आता दर हिवाळ्यात तिथे पुन्हा पिल्लं जन्मतात. पर्यटकांच्या छोट्या होड्या थांबल्या की काही माद्या पिल्लांना घेऊन आपणहून त्यांच्याजवळ येतात.